नको म्हटल्यानंतर

४ ऑक्टोबर

दादा,

मावशीकडून तुझा पत्ता घेतला. ती द्यायला तयार नव्हती. "तो तुझं पाकीट फोडणारसुद्धा नाही," म्हणाली. न फोडता फेकलंस तर माझा काही इलाज नाही. पण फोडलंस, तर मधेच टाकून देऊ नकोस.

घर सोडताना तू दारात बूट चढवत विचारलं होतंस, "मग काय, माणसानं अनोळखी बाईशी बोलायचंच नाही का?" आई आत रडत होती, म्हणून मी गप्प राहिले असं तुला वाटलं असेल. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं.

मी आता या शहरात असते. डोळे बनवण्याच्या कामाला लागून काही वर्षं झाली. हसू नकोस. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो, त्यांना आम्ही खोटा डोळा करून देतो. माणसाला समोर खुर्चीत बसवायचं आणि त्याचा चांगला डोळा बघत बघत बुबुळाची एवढीशी चकती रंगवायची. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू चिकटवले की शिरा होतात. परक्या माणसाच्या डोळ्यात इतका वेळ रोखून बघायचं म्हणजे सुरुवातीला मला घाम फुटायचा. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी 'बघू का?' म्हणून विचारायचं. ते हो म्हणाले की मगच मान वर करायची." अजून तसंच करते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या महिन्यात कामावरून परतताना औषधांच्या दुकानासमोर एक माणूस पुढे आला. चाळिशीच्या आसपासचा, कडक इस्त्रीचा शर्ट, भांग अगदी सरळ. "नमस्कार. माफ करा, वाटेत अडवतोय. तुम्ही रोज इथून जाता. तुमच्याशी ओळख करून घ्यायला आवडेल."

मी म्हटलं, "नको. धन्यवाद."

"अगदी बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि बाजूला झाला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होते. तुझी आठवणही आली. आमच्या दादाला एवढं जमलं असतं तर, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच उभा होता. "नमस्कार. काल मी जरा घाईच केली." मी पुन्हा नको म्हटलं. त्यानं पुन्हा मान डोलावली, जसं काही मी त्याला वेळ विचारली आणि त्यानं सांगितली. तिसऱ्या दिवशी मी मागच्या गल्लीनं गेले. गल्लीच्या तोंडाशी तो उभा. "नमस्कार. हा रस्ता बरा आहे. सावली असते. मी तुम्हाला सुचवणारच होतो."

तेव्हापासून रोज. शिवी नाही, शीळ नाही, अंगचटीला येणं नाही. चार हातांवर उभा राहतो, नमस्कार म्हणतो, एक वाक्य बोलतो आणि हसतो. मी मनात त्याचं नाव 'नमस्कार' ठेवलंय. काल म्हणाला, "आज स्कार्फ विसरलात. गार वारा आहे." स्कार्फ मी खरंच विसरले होते. माझ्या आधी ते त्याच्या लक्षात आलं.

दादा, ग्रंथालयातल्या त्या मुलीच्या बाबतीत तू अशाच जागी उभा होतास. दुसऱ्या कुणाला विचारू मी? बायकांना विचारलं तर त्या आपापले किस्से सांगतात. पलीकडच्या बाजूची तुझ्याशिवाय माझी कुणाशी ओळख नाही. असा माणूस थांबतो कधी?

तुझी,
ठमी


२० ऑक्टोबर

दादा,

उत्तर आलं नाही, तरी लिहितेय.

मी ज्यांच्याकडे वरची खोली घेऊन राहते त्या काकू परवा जिन्यातच भेटल्या. चेहरा नुसता फुललेला. "तुमचे ते येऊन गेले हो. जिन्यातला दिवा गेला होता, तो बदलून दिला बिचाऱ्यांनी. चहासुद्धा नको म्हणाले."

"माझे कोण?"

"लाजायला काय झालं? त्यांनी सांगितलं सगळं. घरचे तयार होईपर्यंत तुम्हाला बोलायचं नाही म्हणे. मी नाही हं कुणाला सांगत."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. वर दिवा जळत होता. चांगला, मोठा, पांढरा उजेड. दादा, त्या उजेडात मला माझी पावलं टाकवेनात.

मी काकूंना सांगितलं की तो माझा कुणीच नाही. त्यांनी माझा हात थोपटला. "भांडण झालंय का? होतं असं सुरुवातीला."

कारखान्यात माझ्या शेजारी पॉलिशवाली बसते. तयार झालेला डोळा चाकावर धरून चकचकीत करणं हे तिचं काम. तोंडाची फटकळ, पण माझ्यावर जीव आहे तिचा. दुसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "आम्हाला परक्याकडून कळावं ना! खाली भेटले तुझे. किती मार्दवानं बोलतात ग! आमच्या घरच्याला पाठव त्यांच्याकडे शिकायला."

मी हसले, दादा. काय करू, हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

पोलीस चौकीतही गेले. तिथला हवालदार वयानं मोठा आणि खरंच भला होता. मला बसायला खुर्ची दिली. "काय बोलला तो?"

"नमस्कार."

"आणि?"

"स्कार्फ विसरलात, म्हणाला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "हात लावला? धमकी? घाणेरडं काही?" मी नाही म्हटलं. त्यानं कोरा कागद माझ्याकडे वळवला. शेवटी म्हणाला, "ताई, यात मी लिहू काय?" त्याचा राग नाही आला मला. सांगताना माझं मलाच ते इतकं किरकोळ वाटलं. तक्रार म्हणून ऐकलं तर ते एखाद्या चांगल्या माणसाचं वर्णन वाटतं.

चौकीच्या पायऱ्या उतरले तर तो समोरच्या झाडाखाली. "नमस्कार. काम झालं का?"

ठमी


३ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "नमस्कारच करतो ना तो? की हल्ली तोही गुन्हा आहे?"

फाडून टाकणार होते. मग म्हटलं, बरं झालं. निदान तू पाकीट फोडलंस. आणि याचं उत्तर मला आता येतं. ते एका लिफ्टवाल्यानं शिकवलं.

कारखान्यासमोर एक छोटी बाग आहे. दुपारच्या सुट्टीत मी तिथं एका बाकावर बसून खाते. नमस्कार बागेत येत नाही, का कोण जाणे. फाटकाबाहेर असतो. समोरच्या उंच इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूसही त्याच वेळी बागेत येतो. दांडगा गडी. हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले आणि आवाज असा की नुसता खोकला तरी कबुतरं उडतात. अंधाऱ्या रस्त्यात दिसला तर कुणीही पलीकडच्या बाजूनं जाईल.

मंगळवारी तो माझ्या दिशेनं चालत आला. माझ्या हातातला पाव खाली पडला. तो बाकापासून लांबच थांबला, आणि वाट मोकळी राहील असा कडेला उभा राहिला. "माफ करा हं. मी इथं लिफ्टचं काम करतो. तुम्ही रोज दिसता. एखाद्या दिवशी बरोबर चहा घ्याल का, एवढंच विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

शब्द जवळजवळ तेच होते, दादा. नमस्कारनं पहिल्या दिवशी वापरले तेच. मी "नको" म्हटलं, आणि ते जरा किंचाळल्यासारखंच निघालं.

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला, त्यानं तो लपवलाही नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला, पण जवळ आला नाही. "मी उद्यापासून कारंज्याच्या पलीकडे बसत जाईन. तुम्ही तुमची जागा बदलू नका."

बुधवारी मी वाट बघत बसले. आता येईल, 'काल मी घाई केली' म्हणेल. आला नाही. गुरुवारी आला नाही. कारंज्यापलीकडे त्याची पाठ दिसायची. तो पाव खायचा, पाणी प्यायचा आणि जायचा. मला ते इतकं विचित्र वाटायला लागलं की शुक्रवारी मला वाटलं, हाच खरा धोका, हा काहीतरी मोठं ठरवतोय. माझी काय गत झालीय बघ. जो माणूस माझ्या वाटेला जात नाही त्याचीच मला धडकी भरते.

नंतर हळूहळू लक्षात आलं की त्या बाकावर बसून मी अख्खा पाव संपवते. बाकी शहरात मला घास उतरत नाही. औषधांच्या दुकानाचा रस्ता गेला, मागची गल्ली गेली, जिना गेला, चौकी गेली. नमस्कार जिथं जिथं हसून उभा राहिला ते सगळं त्याचं झालं. आणि या ग्रीसवाल्यानं नको ऐकल्यावर स्वतःची जागा बदलली.

बोलायचंच नाही का, असं तू विचारलं होतंस. बोल ना. कुणी अडवलंय? प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

ठमी


१८ नोव्हेंबर

दादा,

अक्षर नीट नाही, समजून घे.

सोमवारी मालकांनी मला एक नवं काम दिलं. गिऱ्हाईक समोर नव्हतं. फक्त डोळ्याचा एक मोठा केलेला फोटो होता. परगावच्या लोकांचं काम कधीकधी असं येतं, त्यात नवल नव्हतं. "बाईचा डोळा आहे, तपकिरी. नाजूक काम आहे, तूच कर," मालक म्हणाले.

मी चकती घेतली. आधी गडद कडा, मग आतून बाहेर रेघा, मग त्यावर मधासारखा पातळ हात. छान जमत होतं. बुबुळाच्या खालच्या बाजूला एक काळा ठिपका होता, तीळ असावा तसा, किंचित डावीकडे. तो टेकवायला मी सगळ्यात बारीक ब्रश उचलला. मधेच रंग वाळतोय का बघायला चकती खिडकीशी नेली. खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला.

आई म्हणायची आठवतं तुला? "हिच्या डोळ्यात माशी बसलीय." तोच ठिपका.

मी अर्ध्या तासापासून माझाच डोळा रंगवत होते.

ओरडले नाही. चकती टेबलावर ठेवली. ती वर तोंड करून माझ्याकडे बघत होती, आणि रंग ओला असल्यामुळे पाणावल्यासारखी दिसत होती. मी फोटो पुन्हा पाहिला. पापणीच्या कोपऱ्यात दुपारचं ऊन होतं. बागेतलं. म्हणजे नमस्कारनं तो फाटकाबाहेरून काढला होता.

मालकांच्या केबिनमध्ये गेले. "हे काम कुणाचं?"

"का ग? ते सद्गृहस्थ. तुझ्याच माहितीतले आहेत म्हणाले. तुला गंमत म्हणून द्यायचंय, आधी सांगू नका म्हणाले. मला वाटलं, काहीतरी..." माझा चेहरा बघून ते थांबले.

"मालक, मला कुणी विचारलं का?"

त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं. मग मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. ते उठून माझ्या टेबलाशी आले, चकती बघितली, फोटो बघितला आणि मग माझ्याकडे बघायला मान वर करणार, तोच थांबले. "बघू का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाशिवाय कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी बघितलं, आणि खुर्ची ओढून खाली बसले.

पॉलिशवालीनं चकती उचलली आणि घासायच्या चाकावर धरली. ती जोर लावत होती आणि तोंडानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पांढरी तपकिरी पूड तिच्या एप्रनवर पडत होती. "मी त्याला मार्दवानं बोलतो म्हटलं ना," ती म्हणाली. "थुंकते मी माझ्या तोंडावर."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरापर्यंत आली. तो औषधांच्या दुकानापाशी होता. "नमस्कार. काम आवडलं का तुम्हाला?"

दादा, तू मला काही देणं लागत नाहीस. तुझ्यापेक्षा त्या मुलीची बाजू घेतली म्हणून सात वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. तेही ठीक. पण एकच सांग. तू थांबलास कशानं? ती नको म्हणून तर नाही, ती तर कितीदा म्हणाली होती. मग कशानं?

ठमी


५ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. चार पानं! शाळेतसुद्धा तू एवढा निबंध लिहिला नसशील.

त्यातली काही वाक्यं मी इतक्यांदा वाचलीत की पाठ झालीत. "तिनं नको म्हटलेलं मला ऐकू आलं नाही, असं तुम्हाला सगळ्यांना वाटतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. मला ते फक्त शेवटचं वाटलं नाही. मला वाटलं, ही सुरुवात आहे." ते वाचून मी खिडकी लावून घेतली. भर दुपारी.

पुढे तू लिहिलंस की तिचे वडील आपल्या घरी आरडाओरडा करायला आले तेव्हा तुला आनंदच झाला. त्यांच्या घरात तुझा विषय निघतो, म्हणून. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. "आई, शेजारी, ग्रंथपाल, सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की आमचं ठरतंय. सगळे मानत होते, म्हणून मीही मानत होतो. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हा खोटं बोलतोय, ती माझ्यापाशी येऊन रडली. तेव्हा खोलीतल्या प्रत्येकानं माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या गोष्टीत राहायला माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही. म्हणून थांबलो. त्यासाठी मी तुला कधी माफ करणार नव्हतो."

'नव्हतो' लिहिलंयस. ते मी पाहिलं.

तू लिहिलेलं वाचून मला कळलं काय करायचं ते. सोपं होतं आणि लाजेनं मेल्यासारखं होतं. मी प्रत्येकाकडे गेले. आधी काकू.

"काकू, मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. मी त्याला पहिल्या दिवशीच नको म्हटलंय."

"अग पण किती चांगला आहे तो!"

"असेल चांगला. माझा नाही."

मग चकतीची गोष्ट सांगितली. काकूंनी पदर तोंडाशी नेला. वर जिन्यातल्या दिव्याकडे बघितलं, आणि स्टूल आणून त्यांनी तो स्वतः काढला. "अंधार परवडला," म्हणाल्या.

औषधांच्या दुकानदाराला सांगितलं तर तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या तेच घेऊन जायचे हो. तुम्हीच पाठवलंय म्हणायचे." मी महिनाभर डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही, दादा. त्या गोळ्यांचं तो काय करत असेल, हा विचार मी अर्ध्यातच सोडून दिला.

बुधवारी तो आला. संध्याकाळचं लख्ख ऊन, रस्ता भरलेला. काकू दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आल्या होत्या, पॉलिशवाली माझ्याबरोबर होती.

"नमस्कार," तो म्हणाला.

काकूच पुढे झाल्या. "तुम्ही म्हणालात तुमचं ठरलंय. हिला तर तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही."

त्यानं काकूंकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून हसला, समजावल्यासारखा. "तुम्ही यांना का सांगितलंत? आपल्या दोघांतली गोष्ट होती."

"आपल्या दोघांत काहीही नाही. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं." माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला, पण आला.

"हो, आठवतंय ना मला," तो म्हणाला. "त्या दिवशी किती छान म्हणालात."

रस्त्यावरचे दोनचार जण थांबले होते. दुकानदार गल्ल्यामागून बाहेर आला आणि आमच्या मधे उभा राहिला. किडकिडीत माणूस आहे तो, हातात काकूंच्या औषधाची बाटली तशीच. "ताई नको म्हणतायत. तुम्ही या आता."

तेव्हा नमस्कारनं एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. काकू, दुकानदार, पॉलिशवाली, थांबलेली माणसं. घाई नव्हती त्याला. आपलं कुणी शिल्लक आहे का ते चाचपून बघत होता. कुणीच सापडलं नाही. हसू मात्र तसंच राहिलं, दिवा गेल्यावर डोळ्यासमोर उजेड राहतो तसं. मग कॉलर नीट केली, "नमस्कार" म्हणाला, आणि गेला. त्यानंतर दिसला नाही.

तू विचारलंयस, मी येऊ का. दोन दिवस विचार केला. नको, दादा. अजून नको. का, ते विचारू नकोस.

ठमी


१४ जानेवारी

दादा,

तुझ्या पत्रात यावेळी काहीच नव्हतं. "ठीक आहे. तू सांगशील तेव्हा," एवढंच, आणि खाली सही. खरं सांगू? तो महिनाभर दारावर कुणी थाप मारली की मला वाटायचं, तू आलास. नको म्हटलं तरी आलास. रोज थाप व्हायची, आणि रोज ती दुसऱ्याच कुणाची असायची. दूधवाला, काकू, एकदा कुणीच नाही. तू आला नाहीस.

ये आता. रविवारी ये, दुपारी. खोली लहान आहे, पण दोन खुर्च्या आहेत.

लिफ्टवाल्याचीही बातमी आहे. मागच्या आठवड्यात मीच कारंज्यापलीकडे गेले. लांब उभी राहिले आणि म्हटलं, "तो चहा अजून शिल्लक आहे का?" त्याच्या तोंडात पाव होता. घाईघाईनं गिळून म्हणाला, "आज नको हो. चौथ्या मजल्यावर दोन माणसं अडकलीत." मला इतकं हसू आलं! मला कुणीतरी नको म्हटलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. चहा दुसऱ्या दिवशी झाला. आवाज त्याचा चहा पितानाही तसाच आहे.

पण आज सांगायचंय ते वेगळंच. आज दुपारी नमस्कार दिसला.

मी रंग घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. पलीकडच्या फुटपाथवर इस्त्रीचा शर्ट, सरळ भांग. माझी पावलं जमिनीला चिकटली. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो एका मुलीच्या मागून चालला होता, चार हात सोडून. ती कॉलेजातली असेल, खांद्याला वह्यांची पिशवी. ती वळली की तो वळायचा. ती थांबली की तो थांबायचा आणि हसायचा. तिनं स्कार्फ डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता. थंडी काही तेवढी नव्हती.

मी परत फिरू शकले असते. दोन पावलं फिरलेही. मग रस्ता ओलांडला.

आता गंमत बघ. मला कळेना, एका अनोळखी मुलीशी बोलायचं कसं? मागून गेले तर ती घाबरेल. हाक मारली तर घाबरेल. खांद्याला हात लावणं तर लांबच. मी पुढून वळसा घातला आणि ती समोरून येत असताना कडेला थांबले, वाट मोकळी ठेवून.

"माफ करा," मी म्हटलं. "तुम्ही मला ओळखत नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ऐकायची नसेल तर मी जाते."

ती दचकून मागे सरली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी रोज काचेत बघितलंय. आणि ते माझ्यासाठी होतं, दादा. माझ्यासाठी. तिच्यालेखी मी आणखी एक, हसून अडवणारी.

"नको," ती म्हणाली. "प्लीज. नको."

तिच्यामागे तोही थांबला होता. त्यानं मला ओळखलं. मान थोडी झुकवली. ओठ हलले, आवाज आला नाही, पण शब्द मला माहीत होता.

मला ओरडायचं होतं. तिचा हात धरून ओढायचं होतं. मला सगळं माहीत होतं, तिच्या भल्याचंच होतं, आणि ती नको म्हणत होती. जिभेवर आलं होतं, "अग, पण माझं ऐक तरी!" त्या क्षणी वाटलं, तुम्हालाही असंच वाटत असणार. तुला, आणि त्यालाही. आपल्याकडे जे आहे ते इतकं महत्त्वाचं आहे की समोरच्याचं नको त्यापुढे काहीच नाही.

"बरं," मी म्हटलं. "मी त्या फुलवालीच्या बाकावर बसते थोडा वेळ. तुमच्या मागे येणार नाही."

आणि जाऊन बसले. फुलवालीनं विचारलं, "काही हवंय का?" मी म्हटलं, "बसू का नुसती?" "बसा की," ती म्हणाली.

मुलगी कोपऱ्यापर्यंत गेली. तो मागून गेला. दोघं वळली आणि दिसेनाशी झाली. मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. फुलवालीनं दोनदा पाणी शिंपडलं. पाकळ्यांवरचं पाणी माझ्या बुटांवर ठिबकत होतं, आणि मला वाटत होतं की मी आत्ता एका माणसाला हातातून जाऊ दिलं.

मग समोर पिशवी दिसली. ती परत आली होती, एकटी, धापा टाकत. दुसऱ्या बाजूनं फिरून आली असावी. रस्त्याच्या पलीकडे तो उभा होता, ऊन अंगावर घेत, शांत. ती बाकाच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तो वाईट काही बोलत नाही हो. नमस्कार म्हणतो, बास. माझ्या होस्टेलच्या बाईंना तो आवडतो. मैत्रिणी चिडवतात. मी कुणाला सांगू आणि काय सांगू? सांगायला काही नाहीच." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय सांगणार होतात?"

"माझं राहू दे," मी म्हटलं. "आधी तुझं सांग. पहिल्यापासून."

ती सांगायला लागली. फुलवालीनं हातातली बादली खाली ठेवली आणि तीही ऐकायला आमच्याजवळ येऊन उभी राहिली, त्याच्याकडे तोंड करून.

ठमी